माझ्याकडे तर उघडतंय

त्या माणसाचं तिकीट उल्काने दोनदा बंद केलं होतं. तिकीट म्हणजे तक्रार. तक्रार म्हटलं की कुणाचं तरी चुकलंय असा अर्थ निघतो, म्हणून कंपन्यांनी तिला तिकीट म्हणायची पद्धत पाडली. तिकीट फाडलं की काम संपलं.

पहिलं आलं सोमवारी. 'रिस्पेक्टेड सर, पेज इज कमिंग व्हाइट. काइंडली डू द नीडफुल.' उल्काने ते शेजारच्या टेबलावरच्या रुहीला दाखवलं. रुही इथेच, अमेरिकेत जन्मलेली, इथेच वाढलेली. "हू टॉक्स लाइक धिस?" म्हणून ती खिदळली आणि उल्काही तिच्याबरोबर हसली. उल्काचे वडील आयुष्यभर असलेच अर्ज लिहीत आले होते, पण ते काही तिने रुहीला सांगितलं नाही.

मग तिने ते पान स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. लख्ख उघडलं. तिने ठरलेला मजकूर चिकटवला: आमच्याकडे पान व्यवस्थित उघडतं आहे, कॅशे क्लिअर करा, ब्राउझर अपडेट करा, नाहीच झालं तर दुसरा ब्राउझर वापरा, आपला दिवस शुभ जावो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण आकड्यांत बंब निघाल्याची नोंद होते आणि पगार आकड्यांवर मिळतो.

मंगळवारी तेच तिकीट पुन्हा उघडलं. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, सेम व्हाइट. वाइफ इज इनसाइड.' उल्काने पुन्हा तोच मजकूर चिकटवला. चार मिनिटांत काम झालं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता ते तिसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्यांदा आलेल्या तिकिटाला फोन करावाच लागतो असा नियम होता. आणि फोन बारा मिनिटांत संपवावा लागतो, असाही होता. बारा ओलांडली की टीम लीड विक्रमच्या स्क्रीनवर नाव लाल व्हायचं. उल्का कंपनीची नव्हतीच. एका कन्सल्टन्सीने भाड्याने दिलेली. तिचा व्हिसा त्या कन्सल्टन्सीच्या हातात, कन्सल्टन्सी विक्रमच्या शेऱ्यावर. नाव तीनदा लाल झालं की माणूस बदलून मिळायचा, घासलेला टायर बदलून मिळतो तसा.

कंपनीचं काम म्हणे पुण्यकर्म होतं. वृद्धांच्या केअर सेंटरांसाठी ती 'फॅमिली पोर्टल' चालवायची. आत ठेवलेल्या माणसाची तब्येत कशी आहे ते नर्सने पोर्टलवर लिहायचं, घरच्यांनी वाचायचं. भेटायला जायचं तर पास पोर्टलवरून काढायचा. सेंटरला फोन केला तर रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगायची, की सगळी माहिती पोर्टलवर आहे. म्हणजे दार एकच, आणि ते काचेचं.

उल्काने हेडसेट चढवला.

"हॅलो, धिस इज उल्का फ्रॉम फॅमिली पोर्टल सपोर्ट. ॲम आय स्पीकिंग विथ मिस्टर खांबेटे?"

"येस मॅडम. श्रीराम खांबेटे स्पीकिंग. रिटायर्ड हेडक्लार्क, इरिगेशन." मग आवाज थबकला. "काय म्हणालात नाव? उल्का? मराठी का हो तुम्ही?"

"हो काका."

"अगं मग तीन दिवस आपण इंग्रजीत काय भांडतोय!"

उल्काला हसू आलं. तीन दिवस भांडणारी ती आपणच, हे तिने सांगितलं नाही. तिने घड्याळ लावलं.

"काका, पान नक्की कसं दिसतं? अगदी कोरं?"

"कोरं करकरीत. आधी जरासं काहीतरी दिसतं, मग धुतल्यासारखं पांढरं. बँकेचं पान उघडतं, पेपर उघडतो, भजनं लागतात. हे एकच उघडत नाही. सिद्धेशला फोन केला, तो माझा मुलगा. कंपनीच्या कामासाठी फ्रीमाँटला गेलाय शनिवारपासून. तो म्हणतो, 'बाबा, माझ्याकडे तर उघडतंय.' घाईत नुसतं पहिलं पान बघतो, आत काही जात नाही. त्याच्याकडे उघडून मला काय उपयोग? त्याच्या ताटातलं जेवण माझ्या पोटात जातं का?"

"ब्राउझर कोणता वापरता?"

"डेल."

"तो लॅपटॉप झाला काका. ज्यातून नेट उघडता तो?"

"आता तो कोणता ते तूच सांग. चित्रावर दोनदा टिचकी मारायची, एवढंच मला शिकवलंय."

उल्काने त्यांच्याकडून कॅशे, म्हणजे साठून राहिलेली जुनी पानं, पुसून घेतली. पान पांढरंच. इनकॉग्निटो खिडकी उघडायला लावली. पांढरंच. जोडलेली एक्स्टेन्शन्स शोधायला लावली, एकही नव्हतं. सात मिनिटं गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार तिला पाठ होता. मधल्या वेळात म्हातारा बोलत होता आणि ती ऐकत होती.

त्याची बायको शैला. दीड महिन्यापूर्वी उजवी बाजू गेली. हॉस्पिटलने तीन आठवड्यांत सेंटरला पाठवलं. तिला इंग्रजी येत नाही. येत होतं ते थोडकं 'थँक्यू' आणि 'नो स्पायसी', तेही झटक्यात गेलं. श्रीराम खांबेटे रोज दुपारी जाऊन बसत, भात कालवून भरवत. शनिवारी त्या मजल्यावर फ्लूची साथ आली आणि सेंटरने सांगितलं, आता नवीन पास काढल्याशिवाय आत सोडणार नाही. पास पोर्टलवर. पोर्टल पांढरं. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला.

"चार दिवस झाले गं. मी गेलो नाही म्हणजे तिला वाटेल, टाकून गेला मेला." तो हसला. हसणं अर्ध्यातच संपलं. "शेजारच्या सुवर्णाताई गाडी घेऊन खाली उभ्या आहेत. त्यांना म्हटलं, आज पास काढूनच उतरतो. तू काढून दे."

"काढून देते काका. लॅपटॉपवर दुसरं एखादं चित्र आहे का बघा, निळसर, खाली डाव्या कोपऱ्यात?"

"आहे. ते कधी उघडत नाही आम्ही."

"आज उघडा."

त्याने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पत्ता टाइप केला. पासवर्ड बायकोची जन्मतारीख होती, तोही मोठ्याने म्हटला. मग ओरडला, "आलं! अगं आलं! फोटो आला तिचा!"

उल्काने मूठ आवळून टेबलावर हलकेच आपटली. एका ब्राउझरमध्ये उघडतं, दुसऱ्यात नाही. चोर सापडला होता.

पण फोनवरचा टिचक्यांचा आवाज थांबला.

"काका?"

"उल्का." आवाज इतका बारीक झाला होता, की तिने हेडसेट कानावर दाबला. "इथे लिहिलंय, शैला एस. खांबेटे. त्याच्याखाली तांबड्या अक्षरात, स्टेटस, एक्स्पायर्ड."

उल्का दचकली आणि लगेच तिला हसू फुटलं. आपल्याकडे माणूस मरतो तेव्हाच तो एक्स्पायर होतो. 'त्यांचे वडील एक्स्पायर झाले,' असं आपण म्हणतो, जणू बापाच्या पाठीवर तारीख छापलेली होती. इथे मात्र दिवसभर काही ना काही एक्स्पायर होत असतं: दूध, लायसन्स, पासवर्ड, व्हिसा. हा शब्द ती दिवसातून पन्नास वेळा बघत होती आणि पन्नासही वेळा तो पासचा असायचा.

"काका, अहो पास! पास एक्स्पायर झालाय. शनिवारचा जुना पास. घाबरू नका."

"पास?"

"पास. त्याची मुदत संपली, रिन्यू करायचा. एवढंच."

पलीकडून लांब श्वास सुटला. "जीव घेतलास की गं पोरी. मी म्हटलं... जाऊ दे, काय म्हटलं ते तोंडातून काढत नाही." मग तो खरंच हसू लागला, खोकला येईपर्यंत. "हेडक्लार्क होतो मी! आयुष्यभर टेंडरं एक्स्पायर केली आणि आज इथे धोतर सुटायची वेळ आली. रिन्यूचं बटण आहे, पण ते फिकट दिसतंय. दाबलं तर दबत नाही."

"थांबा, मी इथून करते. तोवर एक सांगा, पहिल्या ब्राउझरमध्ये आधी जरासं दिसायचं म्हणालात, ते काय दिसायचं?"

"आधी इंग्रजी, मग मराठी, मग पांढरं."

"मराठी?"

"सिद्धेशने जाताना करून दिलं ना. म्हणाला, बाबा, डॉक्टरी शब्द तुम्हाला अडतील, मी सगळी पानं आपोआप मराठीत येतील असं करून ठेवतो. गुणी आहे तसा तो."

उल्काने आपल्या ब्राउझरमध्ये आपोआप भाषांतर चालू केलं, भाषा मराठी निवडली आणि खांबेट्यांचं पान उघडलं. इंग्रजी आलं. क्षणभर मराठी झालं. मग डोळ्यांदेखत पांढरं.

तिला इतका आनंद झाला, की लाज वाटावी. सगळं कोडं उलगडलं होतं. पान बनवणाऱ्यांनी प्रत्येक शब्दाची जागा आपल्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलेली. भाषांतराचं यंत्र येतं, इंग्रजी शब्द उचलून तिथे मराठी ठेवतं. प्रोग्रॅम आपला जुना शब्द शोधायला जातो, तो सापडत नाही, आणि मग अख्खं पानच सोडून देतो. इंग्रजीत वाचणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. कंपनीत ज्यांनी ज्यांनी तपासलं त्या सगळ्यांनी इंग्रजीत तपासलं. त्यातले निम्मे मराठी आणि तेलुगू. आपल्या आईबापांना ज्या भाषेत वाचता येतं त्या भाषेत एकदा तरी उघडून बघावं, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. उल्काच्याही नाही.

तिने पुरावा म्हणून स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून तिकिटाला जोडलं आणि हळू करून पाहिलं. पांढरं होण्याआधीच्या त्या क्षणात यंत्राने केलेलं मराठी दिसत होतं.

शैला एस. खांबेटे. स्थिती: कालबाह्य.

काय भाषा, माणसाच्या नावापुढे कालबाह्य, असं मनात म्हणत तिने पासची नोंद उघडली. रिन्यू करायला ती उघडावी लागते. पास क्रमांक, भेटणाऱ्याचं नाव, मुदत. मुदत होती रविवारपर्यंत. येणाऱ्या रविवारपर्यंत. सेंटरने जुन्या सगळ्या पासांची मुदत केव्हाच आपणहून वाढवून दिली होती आणि तसं पोर्टलवर कळवलं होतं.

पास संपलेला नव्हता.

मग ते तांबडं अक्षर कशाचं?

तिने वरची नोंद उघडली, रहिवाशाची. सेंटरच्या रेकॉर्डमधून जसंच्या तसं पोर्टलवर वाहत येणारं खातं. रेसिडेंट स्टेटस: एक्स्पायर्ड. आजची तारीख. सकाळी सहा चाळीस.

कुठल्या तरी शहाण्याने पासची आणि माणसाची स्थिती दाखवायला एकच चौकट वापरली होती. जागा वाचली असेल.

"उल्का, झालं का गं?" म्हातारा विचारत होता. "सुवर्णाताई हॉर्न मारतायत. असं कर, वेळ लागत असेल तर मी निघतो. तिथे खिडकीवर त्यांनी अडवलं तर काय बोलायचं तेवढं सांग. 'यस यस, आय नो, एक्स्पायर्ड. प्लीज रिन्यू.' बरोबर? की 'काइंडली रिन्यू' म्हणू?"

उल्काला ती खिडकी दिसली. खिडकीतली बाई चेहरा पाडून सांगेल, सर, युवर वाइफ एक्स्पायर्ड. आणि हा माणूस हसून म्हणेल, यस यस, आय नो. कारण तसं उल्काने सांगितलंय.

तिने विक्रमला चॅटवर लिहिलं: पेशंट आज सकाळी गेलीय, नवऱ्याला माहीत नाही, लाइनवर आहे, मुलगा बाहेरगावी आहे. काय करू?

उत्तर लगेच आलं. 'काही सांगू नकोस यार. मेडिकल इन्फो आहे, लीगल मॅटर. फॅसिलिटीला कॉल करायला सांग अँड क्लोज. तेरा मिनिटं झालीत तुझी.'

खालोखाल दुसरं. 'तो भाषांतरवाला बग भारी पकडलास. लिहून ठेव.'

उल्काने चॅटची खिडकी बंद केली.

"काका, बसला आहात का?"

"निघालोय म्हटलं ना. बूट घालतोय."

"बसा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाळीस वर्षं सरकारी कागद वाचलेल्या माणसाला आवाजातला शिक्का ओळखता येतो.

"काका, मी मघाशी चुकीचं सांगितलं. पास संपलेला नाही. काकू गेल्या. आज सकाळी."

कुठे तरी खाली हॉर्न वाजला. तो म्हणाला, "पण तू पास म्हणालीस."

"हो. माझं चुकलं."

"मी हसलो."

उल्काने ती नोंद पुन्हा स्क्रीनवर आणली.

"किती वाजता?"

"सहा चाळीस."

"सहा चाळीसला मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. लवकर उघडलं तर उघडेल असं वाटलं." त्याचा आवाज सपाट होता, टिपण वाचावं तसा. "तिथे आणखी काय लिहिलंय? नर्स लिहितात म्हणे रोज. माझ्याकडे तो कप्पा दिसत नाही. फक्त नाव आहे आणि ते तांबडं."

माणूस गेला की कुटुंबाचा कप्पा आपोआप बंद होतो, हे उल्काला माहीत होतं. कप्पा तिच्या स्क्रीनवर उघडा होता आणि तो वाचायचा तिला अधिकार नव्हता. कॉल रेकॉर्ड होत होता.

"वाच," म्हातारा म्हणाला. "मराठीत वाच. इंग्रजी नको आता."

तिने वाचायला सुरुवात केली. समोर इंग्रजी, तोंडातून मराठी.

"रविवार दुपार. जेवण नाकारलं. कुटुंबाला पोर्टलवर कळवलं."

"माझ्याशिवाय जेवत नाही ती. पुढे."

"सोमवार. ताप. मुलाला फोन केला, उचलला नाही. व्हॉइसमेल भरलेला आहे. कुटुंबाला पोर्टलवर कळवलं."

"फॉर्मवर त्याचाच नंबर दिलाय, आणि अनोळखी नंबर तो घेत नाही. सगळे विमेवाले असतात म्हणतो. पुढे."

"मंगळवार दुपार. सेम." उल्का अडखळली. "म्हणजे, तसंच. संध्याकाळी पाच. प्रकृती खालावते आहे. कुटुंबाने ताबडतोब यावं. मुलाला फोन, उत्तर नाही. पोर्टलवर कळवलं."

मंगळवारी दुपारी, 'वाइफ इज इनसाइड' असं लिहिलेलं तिकीट तिने चार मिनिटांत मिटवलं होतं. तो चार मिनिटांचा आकडा तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात अजून दिसत होता.

"पुढे?"

पुढची नोंद तिने आधी डोळ्यांनी वाचली. ती गाळता आली असती. काका, एवढंच आहे, असं म्हणता आलं असतं आणि कोणत्याही देवाने तिला दोष दिला नसता. पाठीमागे विक्रम येऊन उभा राहिला होता, त्याचा परफ्यूम तिला आला. रुही हेडसेट काढून बघत होती.

पण आज एकदा या माणसाला धीर देऊन झाला होता. त्याचं काय झालं ते समोर होतं.

"बुधवार, पहाट," ती म्हणाली. "रुग्ण शुद्धीवर. एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते आहे. कर्मचाऱ्यांना अर्थ कळत नाही. वेदना होत असाव्यात असं समजून औषध दिलं." तिने पुढची ओळ वाचली. "शब्द लिहिलाय त्यांनी. ए, एच, ओ."

मग तिने ती तीन अक्षरं जोडली.

"अहो," उल्का म्हणाली. "अहो अशी हाक मारत होत्या, काका."

"कट इट," विक्रम कानाशी पुटपुटला. "उल्का, आय ॲम सीरियस. यू आर डन."

पलीकडे खुर्ची करकरली. सुवर्णाताई वर आल्या असाव्यात, दारावर थाप पडली, कुणीतरी 'भाऊ, भाऊ' म्हणत होतं. म्हाताऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही. उल्काकडेही नाही.

"ओ," तो म्हणाला.

मग मोठ्याने म्हणाला, "ओ! आलो!"

विक्रमने तिच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि कॉल कापला. एकतीस मिनिटं झाली होती.